मूठ

आबांनी पिस्तूल माझ्या परवान्यावर चढवून दिलं, कागदपत्रांचे सगळे सोपस्कार झाले आणि वरळीच्या रेंजवर मी ते पहिल्यांदा माझं म्हणून हातात घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो त्यांचा अंगठा. अक्रोडाच्या मुठीला डाव्या अंगाला एक खळगा होता. तिथे त्यांचा अंगठा वीस-बावीस वर्षं टेकत आला होता. माझा अंगठा त्या खळग्याच्या अलीकडेच संपत होता. मधलं बोट त्यांच्या बोटासाठी कोरलेल्या पन्हळीत बसत नव्हतं, तिच्या कडेवर चढत होतं. तळहाताच्या मध्यभागी पोकळी राहत होती, एक सुपारी सहज मावली असती. आमच्या गावच्या घरी आजीचा वरवंटा होता. तिच्या हाताने तो एका बाजूला असा झिजला होता की आईला तो कधी नीट चालवता आला नाही. ते आठवलं.

आबा म्हणजे आमच्या रेंजवरचे ज्येष्ठ नेमबाज. माझे कोणी नातेवाईक नव्हेत, पण सगळेच त्यांना आबा म्हणतात. उजवा खांदा गेला, हात आडवा होईना, तेव्हा त्यांनी नेमबाजी थांबवली आणि पिस्तूल कोणाला द्यायचं यावर चार-सहा महिने विचार केला. मी चाळिशी ओलांडल्यावर एअर पिस्तूल हातात धरलं, मग पंचवीस मीटर पिस्तूल प्रकाराकडे वळले. माझ्यापेक्षा चांगले गुण मारणारी तरुण मुलं-मुली रेंजवर होती. तरी त्यांनी ते मला दिलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पिस्तूल पॉइंट टू टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर. रिमफायर. ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: मोठ्या काडतुसांना बुडाच्या मधोमध एक टोपी असते, तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. पॉइंट टू टूला ती टोपी नसते. बुडाला जी बारीक कड असते, त्या कडेच्या पोटातच पेटता मसाला भरलेला असतो आणि पिन त्या कडेला चिमटते. काडतूस १८८७ सालचं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनं, आणि अजून जगभर तेच चालतं. शिशाची गोळी अडीच ग्रॅमच्या जरा वर. तिच्यावर मेणाचा पातळ हात असतो, त्यामुळे रेंजवरून घरी आलं की बोटांना जळक्या मेणाचा वास येत राहतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं ते ह्याच काडतुसाच्या रायफलवर. आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ला जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तेही ह्याच काडतुसावर. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या दिवशी मी ऑफिसात होते, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बातमी वाचली आणि डबा तसाच उघडा राहिला.

आबांचं पिस्तूल हलकं. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकाम्या मॅगझिनसकट ठेवलं तर ९४० ग्रॅम भरलं. आमच्या प्रकारात नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत मुभा असते. म्हणजे माझ्याकडे ४६० ग्रॅम शिल्लक होते. मुंबईतल्या माणसाला रिकामी जागा दिसली की तिथे काय ठेवता येईल हेच आधी सुचतं. माझंही तसंच झालं.

त्यात माझा भाचा. तो टेक्सासला असतो. त्याच्याकडेही रिमफायर पिस्तूल आहे, तेही हलकंच, ॲल्युमिनियमच्या अंगाचं, नळीभोवतीचं आवरणसुद्धा ॲल्युमिनियमचं. त्याच्या पिस्तुलाचे फोटो येत राहायचे. वर रेड डॉट साइट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, पुढे नळीच्या तोंडाला उसळी कमी करायचा कॉम्पेन्सेटर, मॅगझिन सोडायचं बटण लांब केलेलं, मॅगझिनच्या बुडाला जाड रबर, मुठीला भडक निळ्या चकत्या. ‘आत्या, तू काहीच लावलं नाहीस?’ हा त्याचा दर वेळचा प्रश्न.

त्याच्या खेळात ते सगळं शोभतं, हे मी त्याच्याशी बोलून बोलून समजून घेतलं. तो पोलादी पाट्यांवर गोळ्या मारतो. एका वेळी पाच पाट्या, घड्याळ लावलेलं, कोण किती वेगाने पाचही वाजवतो ते मोजायचं. तिथे नजर पाटीवर ठेवायची असते. रेड डॉट असला की डोळ्याला पाटी आणि ठिपका एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, मागेपुढे करावं लागत नाही, वेळ वाचतो. कॉम्पेन्सेटरचं मात्र मला पटलं नाही आणि पुढे त्यानेही कबूल केलं. पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की भोकांतून वर सुटणारा वायू नळीला खाली दाबून दाबून किती दाबणार? पुढच्या टोकाला चार तोळे धातू वाढतो, उसळी कमी होते ती बरीचशी त्याने.

आमच्याकडे रेड डॉट नियमातच बसत नाही. उघड्या साइटच हव्यात. पुढची पाती आणि मागची खाच, त्या दोघींत जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर. नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. आणि अख्खं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. स्पर्धेच्या आधी टेबलावर खरोखरची पेटी ठेवलेली असते. पिस्तूल तिच्यात आडवं ठेवायचं, कुठे अडलं की संपलं. या चौकटीत जे काही करायचं ते करा.

मी सुरुवात वजनांपासून केली. नळीखाली एक दांडी होती, तिच्यावर वजनं सरकवायची सोय बनवणाऱ्यानेच ठेवलेली. साकीनाक्याच्या एका लेथवाल्याकडून पितळेचे गोल तुकडे करून घेतले. २० ग्रॅमचे दोन, ४० ग्रॅमचे दोन. ते काट्यावर ठेवून बघताना, रांगेत मांडताना झालेला आनंद मी विसरणार नाही. चारही चढवले, १२० ग्रॅम वाढले, आणि पहिल्या दहा गोळ्यांना वाटलं, सापडलं! पुढची पाती खाचेत अशी निवांत उभी राहिली की जणू कोणी खालून आधार दिलाय. हलकं पिस्तूल हाताची प्रत्येक नाडी पुढे पोचवतं. जड पिस्तूल ती गिळून टाकतं.

मग रॅपिड सुरू झालं. आमच्या स्पर्धेत ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. उरलेल्या ३० रॅपिड. हात ४५ अंशांत खाली, सात सेकंद थांबायचं, दिवा हिरवा झाला की तीन सेकंदांत हात वर, नेम, एक गोळी, पुन्हा खाली. असं तीस वेळा, शिवाय सरावाच्या पाच गोळ्या. विसाव्या उचलीला माझा हात उशिरा पोचायला लागला. किती उशिरा म्हणाल तर पापणी लवण्याइतका, पण तीन सेकंदांत तेवढं पुष्कळ होतं. हात उशिरा पोचला की चाप घाईने ओढला जातो आणि गोळी सात गुणांच्या वर्तुळात जाते, खाली डावीकडे, दर वेळी तिथेच.

आबा मागे खुर्चीवर बसले होते. म्हणाले, ‘कळशी कमरेवर घेतली तर बाई दोन मैल जाते. तीच हात लांब करून धर म्हणावं.’

त्या संध्याकाळी मी पुढचे दोन ४०चे काढले. पुढच्या आठवड्यात २०चे दोन्ही मागे, चापाच्या कडीजवळ सरकवले. तसेच ते आजपर्यंत आहेत. चार तुकड्यांपैकी दोन माझ्या टेबलाच्या खणात पडून आहेत, पेपरवेट म्हणून वापरते. ४६० ग्रॅमच्या जागेतले ४० ग्रॅम वापरले आणि बाकी मोकळी सोडली.

मूठ मात्र सुटत नव्हती. आबांच्या मुठीत माझा हात भाड्याने राहत असल्यासारखा होता. आणि या खेळात मूठ म्हणजे निम्मं पिस्तूल. पिस्तूल हातात घेतलं आणि डोळे मिटून हात वर केला, मग डोळे उघडले, तर पुढची पाती खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. नाही दिसली तर मूठ चुकीची. मनगट वळवून ती मधोमध आणता येते, पण वळवलेलं मनगट तीन सेकंदांच्या घाईत मूळ जागी परत जातं. माझी पाती दर वेळी उजव्या भिंतीला चिकटलेली दिसायची.

पॅरिसच्या ऑलिम्पिकनंतर एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला होता. तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, साधा टी-शर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, आणि रौप्यपदक. मिश्र दुहेरीच्या त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंगने कांस्य घेतलं होतं, म्हणून आपल्याकडे ती पुष्कळांनी पाहिली. ऑफिसातल्या लोकांनी मला तो फोटो पाठवून विचारलं, मग तुम्हाला कशाला लागतं ते सगळं सामान? मला त्या फोटोत दिसली ती मूठ. एअर पिस्तुलाच्या मॅचच्या मुठी बोटांभोवती, तळव्याखाली, अंगठ्याच्या बुडाशी बसवून घेतलेल्या असतात. डोक्यावर काही नव्हतं, डोळ्यावर झापड नव्हती, हे खरं. जिथे माणूस आणि लोखंड भेटतात तिथे मात्र तयारी पूर्ण होती.

आबांचीच ओळख निघाली म्हणून मी लालबागच्या काकांकडे गेले. काका गोदीतल्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामाच्या आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती करावी लागते, वाळूत तिचा ठसा घेतात आणि त्या ठशात धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून लाकूड तेवढंच मोठं करायचं. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच आपल्या इंचापेक्षा जरासा मोठा. तसली एक पितळी पट्टी काकांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली. चाळीच्या गॅलरीच्या टोकाला एक फळी, एक शेगडा आणि कानशींचा डबा, एवढाच कारखाना.

पिस्तूल मी त्यांच्याकडे कधीच नेलं नाही, नेण्याचा प्रश्नच नव्हता. शस्त्र घरच्या तिजोरीतून रेंजवर आणि रेंजवरून तिजोरीत, कुलूपबंद पेटीत, परवाना बरोबर. निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा खेळाडू म्हणून सूट मिळावी असा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. ही शिस्त अंगवळणी पडलेली आहे आणि ती असावीच. पण मूठ एका स्क्रूने सुटी होते. फडक्यात गुंडाळली की ती लाकडाचा एक ठोकळा.

काकांनी फडकं उलगडलं. मूठ उजव्या हातात न धरता डाव्या तळव्यावर आडवी ठेवली आणि बोटाने खळगे चाचपले. ‘बाय, हो हात कोणाचो?’

मी आबांचं नाव सांगितलं.

‘चांगलो हात आसा. ह्याका कानस लावू नको.’

मी गेले होते तीच घासून घ्यायला. अंगठ्याचा खळगा एम-सीलने भरायचा, पन्हळी अलीकडे सरकवायच्या, असं सगळं पेन्सिलने आखूनही नेलं होतं. खरं सांगते, आखताना हात चालत नव्हता. वीस वर्षं एका माणसाने रोज संध्याकाळी या लाकडाला धरलं, घाम मुरवला, कुठे खुपतंय ते बघून पॉलिश पेपरने दोन घासे मारले, आणि मी ते एका रविवारात बुजवणार. काकांनी तो प्रश्न एका वाक्यात संपवला. नवी करू म्हणाले.

अक्रोड नको हेही त्यांनीच ठरवलं. युरोपातल्या पिस्तुलांच्या मुठी बहुतेक अक्रोडाच्या येतात आणि तिकडच्या हवेत त्या छान राहतात. आपल्याकडे जून उजाडला की लाकूड पाणी पितं. आबांची मूठ दर पावसाळ्यात फुगायची, ऑक्टोबरात आकसायची, आणि त्याबरोबर पिस्तूल हातात केसभर फिरायचं. जुलैमध्ये साइटचे दोन क्लिक डावीकडे आणि दिवाळीनंतर परत उजवीकडे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता, वहीत लिहिलेला. काकांनी रे रोडच्या दारूखान्यातून आणलेला एक तुकडा काढला. दारूखाना, नावातली दारू बंदुकीची, आणि आज तिथे मोडलेल्या जहाजांचं भंगार. तुकडा जुन्या सागाचा होता, काळपट, जड नाही, नख मारलं तर तेलकट. जहाजाच्या डेकवर सागच घालतात. ‘ह्यां पाण्याक घाबरणा नाय,’ काका म्हणाले. सागाच्या अंगात स्वतःचं तेल असतं म्हणून तो ओलाव्याने फारसा हलत नाही.

पुढचे नऊ-दहा रविवार मी लालबागला जात राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं बसवलं. ‘माका तुझो हात दाखव.’ कॅलिपरने त्यांनी माझ्या प्रत्येक बोटाची पेरं मोजली, अंगठा आणि तर्जनीतला कोन कागदावर उतरवला. ओल्या शाडूच्या गोळ्यावर मूठ आवळायला लावली. मी आवळली तर म्हणाले, ‘असो नको. जसो तू खेळताना धरतंस, तसो धर.’ खेळताना मी किती घट्ट धरते हे मला सांगता येईना. डोळे मिटले, रेंज आठवली, हिरवा दिवा आठवला, तेव्हा बोटांनी आपोआप जे केलं ते शाडूत उतरलं.

मग गेरू. फिटर लोक दोन लोखंडी पृष्ठभाग जुळवताना एकाला निळा रंग पुसतात. दुसऱ्यावर जिथे निळा उमटेल तिथे उंचवटा, तिथेच घासायचं. काकांकडे निळा संपला होता. तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू होता. कोरडा गेरू माझ्या तळहातावर चोळायचा, मी लाकूड धरायचं, सोडायचं. लाल ठिपके पडतील तिथे कानशीचा एक हात. पुन्हा गेरू, पुन्हा धरणं, पुन्हा ठिपके. सुरुवातीला तीनच मोठे डाग पडायचे, अंगठ्याच्या बुडाशी, करंगळीखाली आणि मधल्या पेरावर. म्हणजे माझा हात लाकडाला फक्त तीन जागी टेकत होता, बाकी सगळा हवेत. रविवार सरत गेले तसे डाग पसरत गेले, फिके होत गेले. शेवटच्या रविवारी सगळ्या लाकडावर एकसारखी गुलाबी झाक उमटली. माझ्या हातावरच्या रेषासुद्धा दिसत होत्या. काकांनी ती मूठ उन्हाकडे धरली आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघत राहिले.

मध्ये एक नुकसान झालं, ते माझ्या घाईमुळे. तळव्याखालची बैठक मी घरी जरा जास्तच घासली आणि मग एम-सील लावून भरून काढली. तिसऱ्या दिवशी पापुद्रा जसाच्या तसा निघून हातात आला. ज्या तेलामुळे साग पाण्याला घाबरत नाही, त्याच तेलामुळे त्याच्यावर काही चिकटत नाही. काकांनी ती जागा आधी ॲसिटोनने पुसून काढली, ब्लेडने खरवडली आणि मगच भरली. ती बैठकही मनासारखी वर वळवता येत नाही. मुठीशी तिचा कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला तर नियमाबाहेर, कारण मग ती हाताला कवेत घेते. मनगटाला तर कुठलाच आधार चालत नाही. खेळाने इथे रेघ मारली आहे आणि मला ती योग्य वाटते. लाकडाने हाताचा आकार घ्यावा, हाताचं काम घेऊ नये.

काम चाललं असताना कारोली टाकाच याची आठवण यायची. हंगेरीचा सैनिक, पिस्तुलाचा उत्तम नेमबाज. १९३८मध्ये त्याच्या उजव्या हातात हातबॉम्ब फुटला. तो गुपचूप डाव्या हाताने शिकला आणि १९४८ला लंडनमध्ये आणि १९५२ला हेलसिंकीत रॅपिड फायरचं ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि आहेच. मी मात्र गेरूने लाल झालेला माझा उजवा हात बघायचे आणि डाव्या हाताने लाकूड धरून बघायचे. काहीच जुळायचं नाही. अंगठा हवेत, बोटं कडेवर. सगळं पहिल्या खळग्यापासून पुन्हा.

चापाबद्दल थोडं सांगते, कारण तिथे मी चुकले. आमच्या पिस्तुलाचा चाप निदान १००० ग्रॅमची ओढ घेणारा असावा लागतो. तपासताना १००० ग्रॅमचं वजन चापाला अडकवतात आणि पिस्तूल उभं धरून ते वजन जमिनीवरून अलगद उचलायचं. चाप न सुटता वजन उचललं गेलं पाहिजे, संधी तीन. मी घरी स्प्रिंगच्या काट्याने मोजून अगदी काठावर बसवला होता. हलका चाप गोड लागतो, दुसरं काय. एका राज्य पातळीच्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर पहिल्यांदा चाप सुटला, दुसऱ्यांदा सुटला, तिसऱ्यांदाही सुटला. ‘टक’ असा बारीक आवाज. मागे रांगेत सोळा-सतरा वर्षांच्या मुली उभ्या होत्या. बाजूला जाऊन स्क्रू आवळला, पुन्हा रांग लावली, वजन उचललं गेलं. पण मग हातातला चाप अनोळखी झाला. पहिला टप्पा संपून दुसरा कुठे लागतो ते बोटाला कळेना, आणि सावकाशच्या तीस गोळ्यांत मी चाप ओढायचं सोडून चाप शोधत राहिले. आता नेहमी तीस-चाळीस ग्रॅम वर ठेवते आणि स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देते. ठिपका तुटला म्हणजे स्क्रू हलला.

भाचा दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा माझ्यासाठी एक पाकीट घेऊन आला. मला वाटलं काहीतरी झगमगीत असेल. आत पिवळ्या प्लास्टिकच्या गुट्ट्या, भिंतीत स्क्रू बसवताना भोकात घालतात त्या. तिकडचा चार-सहा नंबर बरोबर पॉइंट टू टूच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, बसतो. रिमफायर पिस्तूल रिकामं चालवू नये म्हणतात त्याचं कारण असं की आत काडतुसाची कड नसेल तर पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते आणि दोन्हीची नासाडी होते. नव्या पिस्तुलांत त्यासाठी सोय असते, आबांच्या जुन्या पिस्तुलात नाही. गुट्टी घातली की पिन प्लास्टिकवर बसते. रोज रात्री काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, चेंबर दोनदा डोळ्याने बघून मी गुट्टी घालते आणि कोऱ्या भिंतीसमोर पन्नास वेळा चाप ओढते. त्याच्या इतक्या वर्षांच्या फोटोंतून माझ्या पिस्तुलात शेवटी आलं ते हेच, आणि रोज वापरात असलेलं तेवढंच. परत जाताना त्याने माझी मूठ हातात धरून बघितली. ‘आत्या, ही मला होत नाही,’ म्हणाला आणि पुढच्या वेळी त्याला काकांकडे न्यायचं कबूल करून घेतलं.

आणि कापूर. तो आबांचा. पुढची पाती कितीही काळी रंगवली तरी वापराने तिच्या कडा चकाकायला लागतात. वरळीला दुपारनंतर समुद्राकडून तिरपा उजेड येतो, चकाकणाऱ्या कडेला तो चिकटतो आणि डोळा फसतो. कड आहे त्यापेक्षा बाजूला दिसते. आबा कापराची वडी पेटवून तिची काजळी पातीवर धरायचे. कापराची काजळी दाट असते, चमकत नाही, मखमलीसारखी काळी बसते. मीही तसंच करते. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, नळी फडक्याने झाकलेली, आणि देवघरातली एक वडी. पाती खाचेत उभी राहिली की दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन पांढऱ्या फटी दिसतात आणि त्यांच्यामध्ये ती काळी पाती. वयामुळे आता जवळची पाती अंधुक दिसते, म्हणून नेमबाजीच्या चष्म्यात भिंगाचा अर्धा नंबर वाढवून घेतला आहे. लक्ष्य धूसर झालं तरी चालतं. ते तसंच असावं. पाती मात्र लख्ख हवी.

गेल्या नोव्हेंबरात आबा बऱ्याच महिन्यांनी रेंजवर आले. मी सरावाची शेवटची सिरीज संपवून पिस्तूल रिकामं केलं, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग घातला आणि टेबलावर ठेवलं. ते जवळ आले, सागाच्या मुठीकडे बघत राहिले. ‘घेऊ?’ म्हणाले. ज्यांचं पिस्तूल त्यांनीच परवानगी मागितली.

त्यांनी हातात घेतलं. अंगठा माझ्या खळग्याच्या पलीकडे गेला, बोटं कडांवर चढली. काही न बोलता त्यांनी ते खाली ठेवलं. मी पेटीच्या झाकणातल्या कप्प्यातून फडकं काढलं, अक्रोडाची मूठ बाहेर काढली आणि स्क्रू फिरवून ती बसवली. दोन मिनिटांचं काम. ती मी नेहमी बरोबर नेते, का ते मला नीट सांगता येणार नाही.

आबांनी पुन्हा पिस्तूल उचललं. या वेळी बोटं बघावी लागली नाहीत, ती आपापल्या जागी जाऊन बसली. हात हळूहळू वर यायला लागला आणि ४५ अंशांवर थांबला. रॅपिडमध्ये दिव्याची वाट बघतात त्याच जागी. खांदा त्याच्यावर जाईना. त्यांनी डावा हात कोपराखाली घेतला, मान वाकवली आणि तिथूनच, खालच्या जमिनीकडे रोखलेल्या त्या साइटमध्ये डोळा लावला. शेजारच्या लेनवरची मुलगी नेम घ्यायची थांबली होती. समुद्रावरून वारा येत होता.

बराच वेळ झाल्यावर त्यांनी मान वर केली.

‘उजव्या कडेचा कापूर उडालाय,’ ते म्हणाले. ‘आज घरी गेलीस की लाव.’